तीन व्हर्जन, एक सर्व्हर आणि एकमेकांना पाडणारे लिसनर

चाकण पट्ट्यातला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना. डेटाबेस सर्व्हर एकच, ओरॅकल लिनक्स ७ वर चालणारा. त्यावर ओरॅकल या डेटाबेस सॉफ्टवेअरची तीन व्हर्जन शेजारी शेजारी नांदत होती. हजेरी-पगाराचं जुनं सॉफ्टवेअर ११.२.०.४ (११जी) वर, स्टोअर्सचं १२.१.०.२ (१२सी) वर आणि नवी कोरी ईआरपी, म्हणजे सगळ्या कारखान्याचा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, १९सी वर. अशी खिचडी हौसेने कुणी करत नाही. ओरॅकलचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजलं जातं, त्यामुळे एकाच यंत्रावर तिघांना बसवलं की पैसे वाचतात. ११.२.०.४ ची वाढीव सपोर्टची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली होती, पण हजेरीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने दुकान आवरलेलं. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

तिन्ही ओरॅकल होम, म्हणजे प्रत्येक व्हर्जनचं सॉफ्टवेअर बसवलेली फोल्डरं, एकाच ऑपरेटिंग सिस्टिम युजरच्या मालकीची आणि ओरॅकल बेस, म्हणजे त्यांचं सामाईक मूळ फोल्डर, तेही एकच. ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे लिसनर वेगळ्या होममधून चालवणारं ओरॅकलचं स्वतंत्र सॉफ्टवेअर, नव्हतं. प्रत्येक होमचा आपापला लिसनर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नव्या जोडण्या घेऊन डेटाबेसपर्यंत पोचवणारी प्रोसेस: ११जी चा १५२१ पोर्टवर, १२सी चा १५२२ वर, १९सी चा १५२३ वर. कागदावर सगळं ठीक दिसत होतं.

तक्रार आली ती अशी: ईआरपी चालू केली की हजेरी बंद पडते आणि हजेरी चालू केली की ईआरपी. स्टोअर्सला मात्र काहीच होत नाही.

मला बोलावलं तोवर कारखान्याच्या आयटीत दोन तट पडले होते. एक म्हणे मेमरी कमी पडते, दुसरा म्हणे फायरवॉल. ईआरपीवाल्यांच्या इंजिनिअरचं एकच पालुपद, "सर, आमच्या साइडने लिसनर अप आहे." तो खोटं बोलत नव्हता. तो बोलत असे तेव्हा त्याचा लिसनर खरोखरच चालू असायचा.

सगळं सुरू झालं ईआरपीच्या बसवणुकीच्या शनिवारी रात्री. १९सी चं होम टाकून झालं, डेटाबेस उभा राहिला, लिसनर तेवढा बाकी होता. इंजिनिअरने ११जी च्या होममधली लिसनर डॉट ओरा ही लिसनरच्या मांडणीची फाइल उचलून १९सी च्या होममध्ये ठेवली, त्यात पोर्ट १५२१ चा १५२३ केला आणि लिसनर कंट्रोल या लिसनर चालू-बंद करायच्या साधनाने स्टार्ट दिला. उत्तर आलं टीएनएस-०११०६, म्हणजे या नावाचा लिसनर आधीच सुरू आहे. त्याने स्टेटस पाहिला. लिसनर चालू दिसला, पण ईआरपीची सर्व्हिस, म्हणजे क्लायंट डेटाबेसला ज्या नावाने मागतो ते नाव, यादीत नव्हती. मग अशा वेळी कुणीही करतो ते त्याने केलं: स्टॉप आणि पुन्हा स्टार्ट. आता सर्व्हिस दिसू लागली, ईआरपी जोडली गेली, आणि मंडळी घरी गेली.

त्या स्टॉपने खाली बसला तो ११जी चा लिसनर.

रात्री कुणाला कळलं नाही, कारण लिसनर बंद झाल्याने चालू जोडण्या तुटत नाहीत. लिसनर हा दारावरचा वॉचमन. पाहुण्याला आत सोडलं, त्याच्यासाठी सर्व्हर प्रोसेस उभी करून दिली, की त्याचं काम संपलं. पुढचं बोलणं थेट त्या प्रोसेसशी होतं. हजेरीच्या अ‍ॅप्लिकेशनच्या पूलमधल्या, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या, जुन्या जोडण्या रविवारभर व्यवस्थित चालल्या. सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला गर्दी झाली, पूलला नव्या जोडण्या हव्या झाल्या आणि तेव्हा ओआरए-१२५४१ दिसायला लागला: लिसनरच नाही. आयटीतल्या माणसाने ११जी च्या होममधून स्टार्ट दिला, तर 'आधीच सुरू आहे' हेच उत्तर. एकीकडे क्लायंट म्हणतो लिसनर नाही, दुसरीकडे सर्व्हर म्हणतो आहे. वैतागून त्यांनी सर्व्हरच रीस्टार्ट केला.

बूट होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये क्रम होता ११जी, १२सी, १९सी. त्यामुळे ११जी चा लिसनर उठला, हजेरी सुरू झाली आणि १९सी च्या लिसनरला 'आधीच सुरू आहे' हे उत्तर मिळालं. ईआरपी बंद. ईआरपीवाल्यांना फोन, त्यांचा स्टॉप-स्टार्ट, हजेरी बंद. पुन्हा रीस्टार्ट. हे चक्र असंच फिरत होतं आणि प्रत्येक जण आपापल्या परीने दुरुस्तीच करत होता.

पोर्ट वेगळे, मग भांडण कशाचं?

मी आधी प्रोसेसची यादी काढली. लिसनरची प्रोसेस तिथे पूर्ण पाथसकट दिसते, म्हणून कोणत्या होमचा लिसनर जिवंत आहे हे एका नजरेत कळतं. तिन्ही लिसनरचं नाव एकच, 'लिसनर'. नावाने काहीच कळत नव्हतं, पाथने सगळं कळत होतं. त्या क्षणी दोनच चालू होते: ११जी चा आणि १२सी चा. मग १९सी च्या होममधून स्टेटस विचारला. उत्तराच्या पहिल्या ओळीत 'लिसनर कंट्रोल, व्हर्जन १९.०.०.०.०'. थोडं खाली, ज्याने उत्तर दिलं त्या लिसनरचं व्हर्जन: '११.२.०.४.०'. त्याखाली पॅरामीटर फाइलचा पाथ, तोही ११जी च्या होममधला. विचारणारा एकोणिसाचा, उत्तर देणारा अकराचा. इंजिनिअरने स्टेटस अनेकदा पाहिला होता, पण त्याची नजर थेट सर्व्हिसच्या यादीवर जायची. वरच्या या ओळी कुणी वाचतच नाही.

लिसनर कंट्रोल ज्या होममधून चालवला त्याच होमच्या लिसनरशी तो बोलेल असं नाही. तो आपल्या होममधली लिसनर डॉट ओरा उघडतो, त्यात दिलेल्या नावाखालचा पत्ता पाहतो आणि त्या पत्त्यावर जो कुणी उत्तर देईल त्याच्याशी बोलतो. फाइल उघडली तर पहिलाच पत्ता टीसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरचा, नव्हता, आयपीसीचा होता. त्याची की, म्हणजे त्या पत्त्याचं ओळखीचं नाव, 'एक्स्टप्रॉक१५२१'. ११.२ च्या ठरावीक फाइलमध्ये आयपीसीची ओळ वर आणि टीसीपीची खाली असते, आणि कॉपी केलेली फाइल त्याच वळणाची. इंजिनिअरने टीसीपीचा पोर्ट बदलला, वरच्या कीला हात लावला नाही. त्या कीमधला १५२१ हा काही पोर्ट नाही. ते नुसतं नाव आहे, पण पोर्टसारखं दिसतं म्हणून नजर त्याच्यावरून घसरते.

आयपीसी म्हणजे त्याच यंत्रावरच्या प्रोसेसनी आपापसात बोलायची वाट. लिनक्सवर तिच्यासाठी व्हार-टेंपमधल्या 'डॉट ओरॅकल' या लपलेल्या फोल्डरमध्ये सॉकेट फाइल तयार होते आणि तिच्या नावात ही की असते. एक की, एक सॉकेट, एक मालक. जो लिसनर आधी उठेल त्याचा तो पत्ता, दुसऱ्याला 'आधीच सुरू आहे'. १२सी चा लिसनर कारखान्याने पूर्वी नेट कॉन्फिगरेशन असिस्टंट या ओरॅकलच्या साधनाने बनवला होता. तिथे की 'एक्स्टप्रॉक१५२२' अशी पोर्टबरोबर बदललेली, म्हणून स्टोअर्स या भांडणापासून अलिप्त राहिलं. स्टोअर्सला काही होत नाही, हा तक्रारीतला सर्वांत उपयोगी भाग होता. मेमरी किंवा फायरवॉलचा दोष असता तर स्टोअर्सला वगळून तो का वागला असता?

आता प्रश्न होता पुराव्याचा. ईआरपीवाले सहजासहजी मान्य करणार नव्हते की त्यांच्या स्टॉपने दुसऱ्याचा लिसनर पडतो. ११जी पासून लिसनरचा लॉग ओरॅकल बेसखालच्या डायग फोल्डरात जातो आणि तिथे उपफोल्डर यंत्राच्या नावाने, मग लिसनरच्या नावाने. इथे बेस एक, यंत्र एक, तिघांचं नावही एक. म्हणजे तिघंही एकाच लॉग फाइलमध्ये लिहीत होते. वाचायला गचाळ प्रकार, पण या प्रकरणात फायद्याचा ठरला, कारण सगळा इतिहास एका जागी सापडला. शनिवारी रात्रीची एक ओळ अशी होती: 'कमांड=स्टॉप', 'सर्व्हिस=लिसनर', 'व्हर्जन=३१८७६७१०४', आणि शेवटी शून्य, म्हणजे हुकूम यशस्वी.

तो मोठा आकडा निरर्थक वाटतो, पण त्यात हुकूम देणाऱ्या लिसनर कंट्रोलचं व्हर्जन दडलेलं असतं. १६७७७२१६ ने भागा, बरोबर १९ येतात. ११.२.०.४ चा लिसनर कंट्रोल १८६६४७५५२ लिहितो, १२.१.०.२ चा २०२३७५६८०. थांबला ११जी आणि थांबवणारा १९. लॉगमध्ये त्यानंतर लगेच १९ च्या लिसनरचा सुरू होण्याचा मजकूर, सोमवारी पुन्हा ११ चा, मग पुन्हा १९ चा स्टॉप. इंजिनिअरला कॅल्क्युलेटरवर भागाकार करून दाखवला. तो काही बोलला नाही, नुसता हसला. मग म्हणाला, "म्हणजे मी रोज ह्यांचा पाडत होतो."

तात्पुरतं आणि कायमचं

तात्पुरता इलाज सोपा होता आणि तो त्याच दुपारी केला. १९सी च्या फाइलमधली आयपीसीची की बदलून 'एक्स्टप्रॉक१५२३' केली आणि लिसनरचं नावही वेगळं केलं, म्हणजे लॉगही वेगळा झाला. स्टार्ट दिल्यावर मिनिटभर सगळ्यांचे चेहरे पडले, कारण ईआरपी ओआरए-१२५१४ दाखवत होती: लिसनर आहे, पण ही सर्व्हिस त्याला माहीत नाही. डेटाबेस लिसनरकडे आपली नोंद साधारण मिनिटाभराच्या अंतराने करतो. ११जी पर्यंत हे काम पीमॉन ही डेटाबेसची पार्श्वभूमीतली प्रोसेस करायची, १२सी पासून एलरेग नावाची स्वतंत्र प्रोसेस करते. घाई असेल तर डेटाबेसमध्ये 'ऑल्टर सिस्टिम रजिस्टर' द्यावं. ते दिलं आणि तिन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू झाली.

इथे थांबता आलं असतं आणि आयटीप्रमुखांची तीच इच्छा होती. "चाललंय ना साहेब, आता हात नको लावू या." माझं मत वेगळं होतं. तीन लिसनर म्हणजे तीन फाइली, तीन नावं, तीन की, बूट स्क्रिप्टमधल्या तीन ओळी. पुढच्या वेळी कुणी एक फाइल कॉपी केली की हाच तमाशा. ओरॅकलचा नियम साधा आहे: लिसनर हा तो सांभाळत असलेल्या सर्वांत नव्या डेटाबेसइतका किंवा त्याहून नवा हवा. जुन्या डेटाबेसला नवा लिसनर चालतो, नव्याला जुना धरवत नाही. म्हणजे १९सी चा एकच लिसनर तिघांचं काम करू शकतो आणि बाकी दोन कायमचे रद्द करता येतात.

विरोध तीन मुद्द्यांवर झाला.

पहिला, क्लायंट. हजेरीची पंचिंग यंत्रं ज्या मधल्या सॉफ्टवेअरमधून डेटाबेसला जोडतात त्यात १५२१ पोर्ट पक्का लिहिलेला. स्टोअर्सच्या पीसींवर १५२२. ते सगळे कोण बदलत बसणार? बदलायची गरजच नव्हती. एका लिसनरला कितीही पत्ते देता येतात. १९सी च्या लिसनरला १५२१, १५२२ आणि १५२३ तिन्ही पोर्ट दिले. डेटाबेसने यांपैकी कोणत्याही एका पत्त्यावर नोंद केली की त्याची सर्व्हिस तिन्ही पोर्टांवर मिळते. तरी घोळ नको म्हणून नोंद कुठे करायची ते सांगणारा तिन्ही डेटाबेसचा लोकल लिसनर पॅरामीटर १५२१ कडे वळवला. बाहेरच्या जगाला काही बदललं हे कळलंच नाही.

दुसरा मुद्दा भीतीचा होता, आणि तो बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो: जुने क्लायंट १९सी च्या लिसनरमधून आले की ओआरए-२८०४० येणार, म्हणजे ओळखपत्राची पद्धत जुळत नाही. ही त्रुटी खरी आहे, पण ती लिसनर देत नाही. पासवर्ड तपासणं लिसनरचं कामच नाही. ते डेटाबेसची सर्व्हर प्रोसेस करते आणि कोणतं क्लायंट व्हर्जन चालेल हे त्या बाजूच्या एसक्यूएलनेट डॉट ओरा या जोडणीच्या नियमांच्या फाइलमधून ठरतं. हजेरीचा जुना क्लायंट १९सी च्या लिसनरमधून आला तरी त्याची गाठ पडते ११जी च्याच प्रोसेसशी, आणि ती त्याला ओळखते. अट एवढीच की नेटवर्कच्या फाइली कोणत्या फोल्डरातून वाचायच्या ते सांगणारं टीएनएस अ‍ॅडमिन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून सगळ्यांना एकाच एसक्यूएलनेट डॉट ओराकडे नेऊन बसवू नये. नेलं तर वरची भीती खरी होऊ शकते.

तिसरा मुद्दा मात्र वजनदार होता. एक लिसनर पडला की तिघंही अडणार. शिवाय १९सी चे पॅच दर तिमाहीला येतात. त्या वेळी स्टोअर्स आणि हजेरीनेही नव्या जोडण्यांविना का बसायचं? याला माझ्याकडे लगेच चोख उत्तर नव्हतं. रविवारची वेळ ठरवू, एवढ्यावर ते तेव्हा मिटलं.

एका तिरक्या रेघेची रात्र

बदलाच्या रात्री तिन्ही डेटाबेस नव्या लिसनरखाली आले आणि एका गोष्टीने घोडं अडवलं. हजेरीचा रात्रीचा बॅकअप बंद डेटाबेसचा होता. स्क्रिप्ट दुसऱ्या यंत्रावरून सिसडीबीए, म्हणजे डेटाबेसचे सर्वाधिकार घेऊन, जोडायची, डेटाबेस बंद करायची, फाइली उचलायची आणि पुन्हा चालू करायची. बंद डेटाबेस लिसनरकडे नोंद करू शकत नाही, म्हणून त्याची स्थिर नोंद लिसनर डॉट ओरामध्ये हाताने लिहावी लागते: एसआयडी, म्हणजे त्या यंत्रावरचं डेटाबेसचं नाव, काय, ओरॅकल होम कोणतं. स्टेटसमध्ये अशी नोंद 'अननोन' म्हणून दिसते आणि नवख्यांना उगाच घाबरवते. लिसनरने ती तपासलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. लिसनर १९सी चा असला तरी इथे होम ११जी चं लिहायचं, नाहीतर लिसनर आपल्याच होममधून प्रोसेस उभी करायला जातो.

होम ११जी चंच लिहिलं होतं. तरी स्थिर नोंदीतून जोडलं की ओआरए-०१०३४ आणि त्याखाली ओआरए-२७१०१: शेअर्ड मेमरीचा, म्हणजे डेटाबेसच्या प्रोसेस मिळून वापरतात त्या मेमरीचा, प्रदेशच अस्तित्वात नाही. डेटाबेस तर समोर चालू होता. दुसऱ्या वाटेने जोडता येत होतं.

नोंद आयटीतल्या एका मुलाने टर्मिनलमधून उचलली होती. पाथ पूर्ण करायला त्याने टॅब दाबला आणि शेलने सवयीप्रमाणे शेवटी एक तिरकी रेघ जोडली. माणसाला रेघेसकट आणि रेघेविना पाथ एकच. लिनक्सलाही एकच. ओरॅकलला नाही. डेटाबेसची शेअर्ड मेमरी शोधायची किल्ली ओरॅकल होम आणि एसआयडी या दोन अक्षरमालांपासून बनते आणि अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. डेटाबेस सुरू झाला होता रेघेविना, लिसनरने उभी केलेली प्रोसेस शोधत होती रेघेसकट. तिला रिकामं घर दिसलं. सिम्लिंकने, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या नावाने, दिलेला पाथही असाच दगा देतो. रेघ खोडली, लिसनरला फाइल पुन्हा वाचायचा हुकूम, म्हणजे रीलोड, दिला आणि बॅकअपची स्क्रिप्ट चालली.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट हाताशी लागली. लिसनरने उभी केलेली प्रोसेस लिसनरचं एन्व्हायर्नमेंट घेऊन जन्माला येते, टाइमझोनसकट. ईआरपीवाल्यांच्या लॉगिनच्या प्रोफाइलमध्ये टाइमझोन यूटीसी लावलेला होता. त्या शेलमधून कुणी लिसनर चालू केला असता तर हजेरीच्या सेशनमधली घड्याळं साडेपाच तास मागे गेली असती आणि सकाळी साडेआठचं पंचिंग पहाटे तीनला नोंदलं गेलं असतं. कामगार संघटनेला ते समजावण्यापेक्षा लिसनर फक्त सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या युनिटमधूनच चालू-बंद करायचा, हे ठरवणं सोपं होतं. टाइमझोन युनिट फाइलमध्येच लिहून टाकला.

जुन्या दोन लिसनरचं काय? नुसते बंद ठेवून भागत नाही. बूट स्क्रिप्टमधल्या त्यांच्या ओळी काढल्या, लिसनर डॉट ओरा फाइलींची नावं बदलली. तरी एक भोक उरतं. फाइल नसली की जुना लिसनर कंट्रोल ठरावीक पत्त्यावर, म्हणजे १५२१ वर जातो, आणि तिथे आता तिघांचा लिसनर बसलेला. युजर एकच असल्याने स्थानिक ओळखीवर 'स्टॉप' मान्य होण्याची शक्यता राहतेच. म्हणून दोन्ही जुन्या होममधल्या लिसनर कंट्रोलची चालवण्याची परवानगी काढून घेतली. हा उपाय देखणा नाही. खरा उपाय म्हणजे लिसनर वेगळ्या युजरच्या नावाने, स्वतंत्र होममधून चालवणं, ग्रिडमध्ये असतो तसा. तेवढा खर्च कारखान्याला नको होता आणि मला त्यांचं म्हणणं पटलं.

एक फायदा न मागता मिळाला. २०१२ मध्ये लिसनरमधला 'टीएनएस पॉयझन' हा दोष जाहीर झाला होता. नेटवर्कवरचं कोणतंही यंत्र आपण तो डेटाबेस आहोत अशी खोटी नोंद करून रहदारी आपल्याकडे वळवू शकत होतं. ११.२.०.४ मध्ये त्यावरची नोंदणी-तपासणी आपण मुद्दाम चालू करावी लागते आणि इथे ती कुणी केलेली नव्हती. १२सी पासून ती मुळातच चालू असते, फक्त त्याच यंत्रावरच्या डेटाबेसची नोंद घेतली जाते. हजेरीचा डेटाबेस जुनाच राहिला, पण त्याच्यासमोरचं हे दार बंद झालं.

तिमाही पॅचचा प्रश्न पुढच्या पॅचच्या वेळी सुटला. चालू होममध्येच पॅच लावण्याऐवजी १९सी चं दुसरं होम शेजारी टाकून त्यात पॅच आधीच, दिवसाढवळ्या, कुणालाही न अडवता लावून ठेवला. नेटवर्कच्या फाइली तिकडे नेल्या, युनिट फाइलमधला पाथ बदलला. रविवारी जुन्या होमचा लिसनर थांबवून नव्याचा चालू करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही आणि स्टोअर्सला पत्ताही लागला नाही. ईआरपीचा डेटाबेस त्यानंतर सावकाश हलवला. तेवढ्यापुरता तो जुन्या होममध्ये होता आणि लिसनर नव्या, पण नियम पाळला जात होता: लिसनर पुढचा, डेटाबेस मागचा. आता प्रोसेसच्या यादीत लिसनरची एकच ओळ दिसते, डीबीहोम_२ च्या पाथसकट.